नूरिया थर लावते

घाटकोपरला आल्यावर पहिल्याच रविवारी नूरिया तीन घरी जेवली.

झालं असं, की ती भाजी घेऊन जिना चढत होती. पहिल्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हसून विचारलं, "लंच झालं?" नूरियाला खोटं बोलायची सवय नाही. ती म्हणाली, "नो." पाच मिनिटांत ती त्या अनोळखी घरात टेबलाशी बसलेली होती आणि पुढ्यात वरणभात, तूप, काकडीची कोशिंबीर. तिथून सुटून ती दुसऱ्या मजल्यावर आली, तर तिथेही तेच, "जेवलीस का?" तिने प्रामाणिकपणे सांगितलं, "अ लिटल." हे 'लिटल' ऐकून दुसऱ्या मजल्याला पहिल्या मजल्याची कीव आली. तिथे पुऱ्या होत्या आणि मोसमातला शेवटचा आमरस. तिसऱ्या मजल्यावर, नूरियाच्या फ्लॅटच्या अगदी समोर, कुंदाकाकू राहत. नूरिया एक हात पोटावर ठेवून दुसऱ्या हाताने कुलूप उघडत होती, तेवढ्यात काकूंनी दार उघडून तोच प्रश्न टाकला.

"येस," नूरिया घाईने म्हणाली, "टू टाइम्स."

"कुणाकडे?"

नूरियाने जिन्याकडे बोट दाखवलं.

"अगो बाय! समोर मी राहते, आणि जेवलीस खालच्यांकडे?"

काकूंचा चेहरा असा काही पडला, की नूरिया मुकाट्याने आत गेली आणि कोळंबीचं कालवण जेवली. संध्याकाळी तिने आईला फोनवर सांगितलं, की माणसं फार चांगली आहेत, पण मी यातून वाचेन असं वाटत नाही.

नूरिया बार्सिलोनापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावातली. वय चौतीस, अंगाने दणकट, खांदे रुंद, केस कापलेले. तिची कंपनी पुठ्ठ्याचे खोके घडी घालून चिकटवणारी यंत्रं बनवायची. यंत्र विकलं, की ते उभं करून द्यायला आणि तिथल्या लोकांना शिकवायला नूरिया त्याच्या मागोमाग जायची. या खेपेला यंत्र अंधेरीत, मरोळच्या एका छापखान्यात आलं होतं, आणि नूरिया सहा महिन्यांसाठी घाटकोपरच्या गेस्ट फ्लॅटमध्ये. याआधी ती व्हिएतनाममध्ये राहिली होती, पोलंडमध्ये राहिली होती, तुर्कस्तानात दोनदा. परदेशात राहण्याची तिची एक पद्धत ठरून गेली होती. एक कप, एक ताटली, एक उशी. शेजाऱ्यांना मान तुकवायची, दार लावून घ्यायचं, काम संपलं की बॅग भरायची. कुठल्याच घरात फार पसरायचं नाही, म्हणजे निघताना जड जात नाही.

घाटकोपरमध्ये दार लावून घ्यायची सोयच नव्हती. सकाळी दूधवाला बेल मारायचा. मग कचरेवाली. मग इस्त्रीवाला. मग कुणाचं तरी पार्सल, जे तिचं नसायचं पण ज्याचं होतं तो घरी नसायचा, म्हणून तिने ठेवून घ्यायचं. सुरुवातीला प्रत्येक बेलला नूरिया धावत जायची, कारण तिच्या गावात न कळवता कुणी बेल मारली तर एक तर आग लागलेली असते नाहीतर कुणी गेलेलं असतं. एकदा तिने इस्त्रीवाल्याला घाबऱ्या आवाजात विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" त्याने तिच्याहून घाबरून विचारलं, "क्या हुआ?" दोघं बराच वेळ एकमेकांना तेच विचारत राहिले. शेवटी काकूंनी बाहेर येऊन तिची चादर त्याच्या हातात दिली आणि प्रकरण मिटवलं.

काकूंनी मग तिची शिकवणीच सुरू केली. काकू आणि त्यांचे यजमान भाऊ, दोघंही निवृत्त, मुलगी लग्न होऊन नागपूरला. काकू नूरियाशी सरळ मराठीत बोलायच्या, फक्त जरा मोठ्याने, आणि मधे मधे इंग्रजी शब्द टाकून. आश्चर्य म्हणजे नूरियाला ते कळायचं.

"हे बघ नूरी, कुणी विचारलं जेवलीस का, की हो म्हणायचं. जेवली असलीस, नसलीस, हो!"

"हो," नूरिया म्हणाली.

"शाब्बास. आणि रिक्षावाला नाही म्हणाला तर?"

"हो?"

"तिथे नाही. तिथे आत बसायचं आणि मग सांगायचं कुठे जायचंय ते."

"हा काय कायदा शिकवतेस तिला?" भाऊ पेपरामागून म्हणाले.

"गप बसा. तुम्ही कधी रिक्षा मिळवलीय?"

त्या 'हो'ने मात्र कमाल केली. छापखान्यात, मेट्रोत, भाजीवाल्याकडे, नूरिया सगळीकडे हो म्हणत सुटली, आणि तिच्या आयुष्यात न मागता काय काय येऊ लागलं. कढीपत्ता, ओट्यासाठी नवं फडकं, खालच्या मजल्यावरच्या बारशाचं आमंत्रण. एका कपाचे चार कप झाले.

छापखान्यात तिच्या हाताखाली जी मंडळी यंत्र शिकत होती, त्यांत जानकी मेस्त्री होती. तिशीतली, उंच, बोलायला फटकळ, राहायला असल्फ्याला डोंगरावर. सगळ्यांत लवकर यंत्र तिलाच जमलं होतं. जुलैमधली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत दोघी शेजारी बसल्या होत्या, जानकीचा कुडता मानेपाशी जरा सरकला, आणि नूरियाला तिच्या खांद्यावर निळे-जांभळे डाग दिसले. दुसऱ्या खांद्यावरही तसेच.

बाईच्या अंगावर असे डाग म्हटल्यावर मनात जे येतं, तेच तिच्या मनात आलं. दोन दिवस तिला धड झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिने जानकीला खोक्यांच्या थप्पीमागे बोलावलं, तिचा हात हातात घेतला आणि हळूच इंग्रजीत विचारलं, "घरी कुणी मारतं का तुला? खरं सांग. मी आहे."

जानकीला आधी समजेना. मग ती अशी हसत सुटली, की तिला थप्पीला टेकावं लागलं.

"मारतंय कोण मला! मॅडम, माझ्या नवऱ्याची हिंमत आहे का? अहो, पोरी उभ्या राहतात माझ्या खांद्यावर!"

"उभ्या?"

"उभ्या! थर, थर लावतो आम्ही." शब्द पुरेनात, तेव्हा जानकी तिला ओढत कँटीनमध्ये घेऊन गेली. तिने टेबलावरचे सगळ्यांचे डबे गोळा केले. खाली सहा डबे गोल ठेवले, त्यांवर चार, त्यांवर तीन, आणि सगळ्यांत वर चटणीची छोटी डबी. मग चमचा हवेत धरला आणि चटणीच्या डबीने त्याला टोला दिला. "फुटली हंडी!"

नूरिया त्या डब्यांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि त्याच वेळी ती हसतही होती, त्यामुळे जानकी गडबडली.

नूरियाच्या गावात माणसांचे मनोरे रचतात. शेकडो वर्षं रचत आलेत. सणाच्या दिवशी गावच्या चौकात, माणसावर माणूस, पार घरांच्या गच्च्यांपर्यंत. नूरिया लहानपणापासून त्यात होती. आधी वरच्या थरांत, मग अंग भरलं तशी खाली खाली. नोकरीने फिरती मागे लावली आणि ते सुटलं. तिच्या खांद्यांवर असे डाग शेवटचे पडले त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली होती.

तिने फोनमधला एक जुना फोटो काढून दाखवला. जानकीने तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"आयला," ती म्हणाली. तिच्या तोंडचं 'मॅडम' गेलं ते तेव्हाच. "रविवारी सकाळी ये. असल्फ्याला. जेवून येऊ नको, पोट जड होतं."

"हो," नूरिया म्हणाली, आणि या वेळी तिला आपण कशाला हो म्हणतोय ते नीट माहीत होतं.

वाघजाई महिला गोविंदा पथक असल्फ्याच्या एका शाळेमागच्या पटांगणात सराव करायचं. नोकरी करणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या, दोन-दोन पोरांच्या आया झालेल्या, अशा सगळ्या. जवळजवळ सगळ्यांचे आजे-पणजे कोकणातून गिरणीत आलेले. सगळ्यांत वर चढायची प्रांजल, एकोणीस वर्षांची, वजनाने पिसासारखी आणि तोंडाने तोफेसारखी. नूरियाला बघून ती पहिलं वाक्य बोलली, "हिला खाली लावा रे, हिच्या खांद्यावर फ्लॅट बांधता येईल!"

नूरिया खाली उभी राहिली. हातात हात गुंतले, कुणाच्या तरी तेल लावलेल्या वेणीचा वास आला, वरून अनवाणी तळवा खांद्यावर टेकला, आणि तिच्या पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. सगळं तेच होतं. आणि मग काहीच तसं नव्हतं. तिच्या गावात मनोरा चढताना चौक श्वास रोखून गप्प असतो. इथे शिट्ट्या, किंकाळ्या, टाळ्या, आणि वरच्या पोरी खालच्यांना शिव्या देत होत्या. तिसरा थर उभा राहताच नूरियाला राहवलं नाही. ती ओरडली, "सायलेन्स! हात इथे नाही, वर! पाय इकडे!" ऐकणाऱ्या पोरी तिच्याकडे बघायला वळल्या, आणि सगळा डोलारा खाली आला.

धूळ झटकत जानकी उठली. "ए नूरी," ती म्हणाली, रागाने नव्हे, पण स्पष्ट. "प्रेसमध्ये तू शिकव. इथे मी."

नूरियाचे कान लाल झाले. तिने मान खाली घातली. पुन्हा हातात हात गुंतले, आणि या वेळी ती एक शब्द बोलली नाही. घरी येईपर्यंत तिचा घसा मात्र बसला होता, कारण शेवटी शेवटी तीही सगळ्यांबरोबर ओरडत होती.

दोन-तीन रविवारांनंतर तिची पाठ बोलायला लागली. गावी ती कमरेला लांबच लांब कापडाचा पट्टा घट्ट गुंडाळायची. त्याने पाठ सांभाळली जाते आणि वर चढणाऱ्याला पाय रोवायला पायरी मिळते. इथे तो कुठून आणायचा? तिने काकूंना हातवारे करून विचारलं. काकूंनी थोडा विचार केला आणि कपाटाच्या तळातून एक नऊवारी काढली. सुती, जुनी, गडद हिरवी.

"हे चालेल?"

"कुणाची?"

"माझीच. आता मी कसली नेसतेय."

नूरियाने पदराचं टोक काकूंच्या हातात दिलं. "घट्ट धरा. ओढा." मग ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली, साडीची सुरुवात पोटाशी दाबली, दोन्ही हात वर केले आणि गोल गोल फिरत काकूंच्या दिशेने निघाली. गरगर, गरगर. प्रत्येक फेऱ्याला साडीचा एक वेढा कमरेला आवळत होता. टीपॉय आडवा झाला. भाऊंनी पाय वर घेतले. शेवटचा वेढा घेऊन नूरिया काकूंच्या अंगावर आली, तेव्हा दोघींना चक्कर येत होती आणि दोघी भिंतीला धरून हसत होत्या.

"मला पण," काकू म्हणाल्या.

"कुंदा," भाऊ म्हणाले.

"काय कुंदा? तुम्ही टोक धरा."

भाऊंनी टोक धरलं. काकू तीन फेऱ्यांत सोफ्यावर पडल्या आणि "बाय माझे, बाय माझे" करत बराच वेळ तिथेच राहिल्या.

पुढच्या रविवारी नूरिया नऊवारी घेऊन पटांगणात गेली. मनात धाकधूक होती. शिकवायचं नाही असं ठरलेलं. ती काहीच बोलली नाही. फक्त साडीचं टोक जानकीच्या हातात दिलं आणि फिरत आली. जानकीने तिच्या कमरेभोवतीचा तो टणक पट्टा चाचपला, त्यावर गुडघा टेकून बघितला, पाय रोवून बघितला.

"बेस आहे," ती म्हणाली. "घरून आयांच्या साड्या आणा गं सगळ्यांनी."

त्याच्या पुढच्या रविवारी असल्फ्याच्या त्या पटांगणात जे दिसलं, ते बघायला डोंगरावरची अर्धी वस्ती पत्र्यांवर चढली. पिवळ्या, जांभळ्या, डाळिंबी साड्यांची टोकं धरून अर्ध्या पोरी उभ्या, आणि बाकीच्या अर्ध्या हात वर करून भोवऱ्यासारख्या फिरत त्यांच्याकडे येतायत. एकमेकींवर आपटतायत. प्रांजल उलटी फिरली आणि पूर्ण सुटून पुन्हा बिनसाडीची उभी राहिली. त्या दिवशी प्रथमच सहावा थर लागला.

गोपाळकाल्याच्या दिवशी सकाळी पथक ट्रकमधून निघालं. आधी असल्फ्यातलीच एक छोटी हंडी सलामी देऊन झाली, मग घाटकोपरची मोठी. आदल्या दिवशी काकूंनी ठणकावून सांगितलं होतं, "मी येणार नाही. कान फुटतात माझे. टीव्हीवर बघीन." पण नूरिया ट्रकमधून उतरली तर समोर फुटपाथवर प्लास्टिकच्या खुर्चीवर उभ्या राहिलेल्या काकू, खाली खुर्चीचे पाय धरून भाऊ, आणि काकू आत्तापासूनच ओरडतायत, "नूरी! नूरी गो! जेवलीस का?"

"हो!" नूरिया तिथून ओरडली. सकाळपासून तिने फक्त एक केळं खाल्लं होतं.

स्पीकरच्या भिंतीतून येणारा आवाज छातीत वाजत होता. आजूबाजूच्या इमारतींतून बादल्या ओतल्या जात होत्या. जानकीने शिट्टी मारली, थर लागायला लागले. एक, दोन, तीन. चौथा थर उभा राहता राहता कुणाचा तरी ओला पाय घसरला आणि सगळं हळूहळू, मेणासारखं, खाली वितळलं.

नूरिया तळाशी होती. तिच्या गावात मनोरा कोसळला की सगळा चौक 'हा' करतो आणि मग चिडीचूप होतो, रुग्णवाहिका पुढे येते. इथे गाणं थांबलंच नाही. वरून आणखी एक बादली आली. ढिगातून जानकीचा आवाज आला, "कोण कोण जिवंत आहे?"

"मी!"

"मी पण!"

"मी आहे, पण कोणीतरी माझ्या केसांवर बसलंय!"

"हेल्मेट कुणाचं गं हे? आत डोकं आहे का?" ही प्रांजल.

नूरिया त्या ढिगाच्या खाली, गालाला डांबर लागलेलं, कानात पाणी, पोट दुखेपर्यंत हसत पडून राहिली. तिला उठवायला तिघी लागल्या.

दुसऱ्यांदा जानकीने घाई केली नाही. सगळ्यांना गोल उभं केलं, साड्या पुन्हा आवळायला लावल्या. "खालच्यांनो, वर बघायचं नाही. काही झालं तरी नाही." नूरियाने समोरच्या पाठीत कपाळ रुतवलं आणि डोळे मिटले. खांद्यावर पाय आले. त्यांच्यावर आणखी वजन आलं. गुडघे थरथरायला लागले, मग थरथर थांबली आणि सगळं जड, स्थिर झालं. वर काय चाललंय ते तळातल्या माणसाला कधीच दिसत नाही. तिला फक्त जानकीची शिट्टी ऐकू येत होती, एक लांब, मग दुसरी लांब, मग छोट्या छोट्या. मग गर्दीचा आवाज एकदम चढला, कुठेतरी फटकन मडकं फुटलं, आणि तिच्या मानेवर गार, आंबट दही पडलं.

नूरिया हलली नाही. तिच्या गावात मनोरा उभा राहिला म्हणजे अर्धंच काम झालेलं असतं. वरून एकेक माणूस सुखरूप खाली उतरेपर्यंत, शेवटचा पाय जमिनीला लागेपर्यंत तळातल्याने श्वाससुद्धा जपून घ्यायचा. हे तिच्या हाडांत होतं. ती दात आवळून, हात ताठ करून, डोळे मिटून उभी राहिली. वजन कमी झालं. आणखी कमी झालं. ती उभीच. दही नाकावरून ओठांवर आलं. ती उभीच.

"नूरी," जानकीचा आवाज अगदी जवळून आला. "काय करतेस?"

"सगळे उतरले?"

"अगं, डोळे उघड!"

तिने उघडले. भोवती एक माणूस नव्हतं. थर कधीच विरघळला होता. प्रांजल कुणाच्या तरी खांद्यावर बसून नाचत होती, अख्खं पथक नाचत होतं, चौक नाचत होता, आणि त्या सगळ्याच्या मधोमध नूरिया एकटीच हात पसरून, पाय रोवून, काहीच नसलेलं डोक्यावर पेलत उभी होती. फुटपाथवरून एक माणूस तिचा व्हिडिओ काढत होता.

"झालं गं बाई, झालं!" जानकी हसून हसून वाकली होती. तिने नूरियाचे ताठ हात धरून खाली ओढले. "आता नाच!"

नूरियाला नाचता येत नव्हतं. ते कुणाला कळलं नाही, कारण तिथे कुणालाच येत नव्हतं.

पुढची हंडी मुलुंडला होती. ट्रक भरला, ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला, आणि नूरियाने बघितलं तर काकू गर्दीतून वाट काढत येतायत. साडी ओली, अंबाडा सुटलेला, हातात भाऊंची छत्री. भाऊ कुठे दिसेनात.

"जागा आहे का गो?" त्यांनी खालून विचारलं.

"काकू, कान फुटतील!" नूरिया म्हणाली.

"फुटले आधीच. हात दे."

ट्रकची फळी काकूंच्या छातीपर्यंत येत होती. जानकीने शिट्टी मारली. दोघी खाली उडी मारून गुडघ्यावर बसल्या, दोघींनी मागून हात लावले, नूरिया वरून वाकली आणि तिने काकूंना दोन्ही काखांत धरलं. "वर बघू नका," ती मराठीत ओरडली, "वर बघायचं नाही!" काकू डोळे गच्च मिटून "वाघजाई, वाघजाई" करत वर आल्या आणि धपकन नूरियाच्या अंगावर पडल्या. ट्रकमध्ये एवढा जल्लोष तर हंडी फुटली तेव्हाही झाला नव्हता.

काकूंनी अंबाडा बांधला, श्वास घेतला आणि पुढच्या केबिनच्या पत्र्यावर छत्रीने ठोकलं.

"ओ ड्रायव्हर! हायवेने घ्या, आतून विक्रोळीला ट्रॅफिक असतं!"